सिक्वेन्सिंग सेंटरमध्ये नक्की चालतं काय? (आणि तुमचे नमुने परत का येतात)

पिपेटराव

नोकऱ्यांच्या धाग्यावर परवा एकाने ठोकून दिलं, "सिक्वेन्सिंग सेंटरवाल्यांना काय, बटण दाबायचं आणि बिल पाठवायचं." तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतोय.

डीएनए म्हणजे ए, सी, जी, टी या चार अक्षरांची लांबलचक माळ. ती क्रमाने वाचणं म्हणजे सिक्वेन्सिंग, आणि एखाद्या जिवाची आख्खी माळ म्हणजे त्याचा जीनोम. मी अशाच एका सामाईक जीनोमिक्स सुविधेत काम करतो. संस्थेचं नाव देत नाही, उगाच साहेबांच्या वाचनात यायचं. बटण दाबायचं काम असतं हे खरं, पण ते सगळ्यात सोपं. मोठं यंत्र एकदा सुरू केलं की जवळपास दोन दिवस आपापलं चालत राहतं. आमचं डोकं खर्ची पडतं ते त्याच्या आधी.

आधी हे सामाईक का असतं ते सांगतो. ही यंत्रं कोटींच्या घरातली. पण समजा एखाद्या प्राध्यापकाला अनुदान मिळालं आणि त्याने विकत घेतलं, तरी तो एकटा ते भरणार कशाने? २०१७ साली आलेल्या नोव्हासिक ६००० या यंत्राचा सगळ्यात मोठा फ्लोसेल (म्हणजे ज्या काचेवर सगळी रासायनिक क्रिया होते ती पट्टी) एका खेपेत ३ लाख कोटी अक्षरं वाचू शकतो. माणसाचा जीनोम ३०० कोटी अक्षरांचा. तो नीट वाचायला प्रत्येक अक्षर सरासरी ३० वेळा वाचतात, म्हणजे ९ हजार कोटी. एका पट्टीवर तीसेक माणसं बसली. आता एखाद्या जिवाणूचा जीनोम घ्या, ५० लाख अक्षरांचा. शंभर वेळा वाचला तरी ५० कोटी. पट्टीचा सहा हजारावा हिस्सा. तेवढ्यासाठी आख्खी पट्टी कोण वापरेल? म्हणून आमचं काम वडापसारखं चालतं. गाडी भरली की सुटते. प्रत्येकाच्या डीएनएला आम्ही एक छोटी ओळखपट्टी जोडतो, सगळ्यांना एकत्र मिसळतो, आणि वाचून झालं की संगणक त्या ओळखपट्टीवरून ज्याचं त्याला वेगळं काढून देतो.

आता नमुने परत का जातात.

थर्माकोलचा डबा येतो. आत ड्राय आइस शिल्लक आहे की उडून गेला, इथून सुरुवात. सोबत एक तक्ता असतो, त्यात लिहिलेलं असतं "डीएनए, २०० नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर". हा आकडा बहुतेक वेळा नॅनोड्रॉप नावाच्या मापयंत्राचा असतो. नॅनोड्रॉप अतिनील प्रकाश सोडतो आणि २६० नॅनोमीटरला किती शोषला गेला ते मोजतो. पण तो प्रकाश आरएनएही (डीएनएवरून पेशी काढते ती नक्कल) शोषतो, सुटे न्यूक्लिओटाइडही (माळेतले सुटे मणी) शोषतात, धुताना राहिलेला फिनॉलही थोडाफार भर घालतो. आम्ही तोच नमुना क्यूबिट या दुसऱ्या मापयंत्रावर लावतो. त्यातला रंग फक्त दुपदरी डीएनएला चिकटला की चमकतो. तिथे २०० चे २० होतात. समोरचा विद्यार्थी म्हणतो तुमचं मशीन बिघडलंय.

आरएनए असेल तर आणखी कठीण. तो खायला बसलेली विकरं (एन्झाइम) आपल्या हातावर, टेबलावर, सगळीकडे असतात. बायोॲनालायझर या तपासणी यंत्राच्या आलेखावर चांगल्या आरएनएचे दोन स्वच्छ सुळके दिसतात, १८एस आणि २८एस (रायबोसोमच्या आरएनएचे दोन प्रकार). खराब झालेल्यात सुळके बसतात आणि डावीकडे सगळा गाळ साचतो. त्यावरून १ ते १० असा एक गुण मिळतो, त्याला 'रिन' म्हणतात. नेहमीच्या पद्धतीसाठी आम्ही ७ च्या वर मागतो. ३ आला तर सांगतो, पैसे घालवू नका, किंवा तुटक्या आरएनएसाठी वेगळी पद्धत आहे ती वापरू.

आणि या सगळ्याच्याही आधी एक प्रश्न विचारायचा असतो, तो ऐकला की लोक चिडतात: तुम्हाला शोधायचंय काय? औषध दिलेले उंदीर किती, न दिलेले किती? "तीन-तीन नमुने आहेत" म्हणून सांगतात, आणि खोदून विचारलं की कळतं एकाच उंदराच्या यकृताचे तीन तुकडे केलेत. एका उंदराचे तीन तुकडे म्हणजे तीन उंदीर नव्हेत. हे यंत्र कधीच सांगणार नाही. ते तुकड्यांचंही तितक्याच इमानाने वाचन करून देईल.

सुचेल तसं लिहिलंय. प्रश्न असतील तर विचारा.

टवाळ

म्हणजे साहेबपण कामाच्या वेळेत इथेच पडीक असतात तर. बाकी निम्मं डोक्यावरून गेलं, पण वडाप कळलं. वाचतोय.

माई सोलापूर

छान लिहिलंय. एक अगदी बाळबोध प्रश्न. आपण लॅबमध्ये रक्त दिलं की संध्याकाळी रिपोर्ट येतो, शेजारी नॉर्मल किती ते छापलेलं असतं. तुमच्याकडून त्या शास्त्रज्ञाला काय मिळतं हातात?

पिपेटराव

माई, प्रश्न अजिबात बाळबोध नाही, पीएचडीची मुलंही पहिल्यांदा हेच विचारतात. हातात मिळतात प्रचंड मोठ्या मजकुराच्या फाइली. फास्टक्यू म्हणतात त्यांना. डीएनए तुकड्या-तुकड्यांत वाचला जातो, त्यातल्या प्रत्येक तुकड्यासाठी चार ओळी. पहिलीत त्या तुकड्याचा पत्ता: कुठलं यंत्र, कितवी खेप, कुठली पट्टी, पट्टीवरची कुठली लेन (म्हणजे कप्पा), लेनमध्ये कुठे. दुसरीत दीडशेएक अक्षरं, ए सी जी टी. तिसरीत नुसतं अधिकचं चिन्ह. चौथीत प्रत्येक अक्षराची खात्री किती, ते चिन्हांच्या भाषेत. क्यू ३० म्हणजे ते अक्षर चुकीचं असण्याची शक्यता हजारात एक, क्यू २० म्हणजे शंभरात एक. असे कोट्यवधी तुकडे, कुठलीही क्रमवारी नसलेले. नॉर्मल किती ते कुठेच छापलेलं नसतं. त्यातून अर्थ काढायला पुढे महिने जातात.

एक गंमत सांगतो. नोव्हासिकमध्ये चार अक्षरं दोनच रंगांत ओळखतात. टी ला हिरवा, सी ला लाल, ए ला दोन्ही, आणि जी ला काहीच नाही, अंधार. त्यामुळे तुकडा आखूड असला आणि पुढे वाचायला काही उरलंच नाही, तरी अंधार बघून यंत्र बिनदिक्कत जी जी जी जी छापत सुटतं. दर बॅचला एखादा तरी नवखा विद्यार्थी फोन करून सांगतो की त्याला जीनोममध्ये जी ची लांबलचक रांग सापडली आहे. त्याचा उत्साह न मोडता समजावणं हेही आमच्या कामात येतं.

कोकमसरबत

पिपेटराव, तुमच्या तोंडात साखर पडो. आमचा अनुभव लिहितो, बऱ्याच जणांना उपयोग होईल.

आम्ही कोकमावर काम करतो, दापोलीच्या बाजूला. कोकणाबाहेरच्यांसाठी: कोकमात नर झाड वेगळं आणि मादी वेगळी. बी लावून रोप केलं तर ते नर निघेल की मादी हे फुलावर येईपर्यंत कळत नाही, आणि फुलायला सहा-सात वर्षं तरी लागतात. तोवर शेतकरी पाणी घालतोय, राखण करतोय, आणि शेवटी निम्मी झाडं नर निघतात. रोप हातभर असतानाच पानावरून ओळखता आलं तर केवढं काम होईल. त्यासाठी नर-मादीतला डीएनएमधला फरक शोधायचा होता.

पहिल्यांदा एका ठिकाणी (नाव घेत नाही) नमुने दिले. त्यांनी एक अक्षर न विचारता घेतले, बिल लावलं आणि एक हार्ड डिस्क पाठवून दिली. डेटा अर्धवट, काही नमुन्यांचं जवळपास काहीच वाचलं गेलं नव्हतं. विचारलं तर म्हणाले, नमुना तुमचा, जबाबदारी तुमची.

दुसऱ्या वेळी वेगळ्या सुविधेत गेलो. तिथल्या बाईंनी नळी उजेडात धरली आणि म्हणाल्या, "तपकिरी आहे, हे चालणार नाही." खरंच डीएनए तपकिरी होता आणि इतका चिकट, की पिपेटच्या टोकातून सुटेना. कोकमाच्या पानात पॉलिफिनॉल आणि चिकट शर्करा भरपूर. पान चेचलं की ती पॉलिफिनॉल हवेने काळवंडतात आणि डीएनएला धरून बसतात, आणि शर्करा पुढच्या विकरांना काम करू देत नाहीत. त्यांनी सांगितलं: जून पान नको, नुकती फुटलेली तांबूस पालवी घ्या. झाडाखालीच सिलिका जेलच्या पाकिटात टाका. डीएनए काढायच्या सीटॅब द्रावणात, पॉलिफिनॉलना आवरायला, पीव्हीपी वाढवा, मर्कॅप्टोइथेनॉल घाला (त्याचा वास असह्य, पण इलाज नाही). यासाठी त्यांनी एक रुपया घेतला नाही.

पण खरी गोष्ट पुढे आहे. त्यांनी विचारलं, मादी झाडं कुठली घेतली? आम्ही अभिमानाने सांगितलं, सगळी एकाच बागेतली, उत्तम वाढलेली कलमं. त्या म्हणाल्या, कलमं? मग ही सगळी एकाच मातृवृक्षाची! म्हणजे डीएनएच्या दृष्टीने तुमच्याकडे मादी झाड एकच आहे. त्या एका झाडात आणि नरांमध्ये हजारो फरक सापडतील, त्यातला मादीपणाचा कुठला हे कसं ओळखाल? मग आम्ही रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्याकडून बियांपासून वाढलेली, फुलं स्वतः बघितलेली झाडं निवडली. आधी थोडक्या भागाचं सिक्वेन्सिंग बऱ्याच झाडांचं, मग निवडक झाडांचं पूर्ण, असा क्रमही त्यांनीच सुचवला. काम चालू आहे, निष्कर्ष आत्ताच लिहीत नाही.

सह्याद्रीतला बेडूक

कोकमसरबत, मस्त प्रतिसाद. आमच्याकडे हेच उलट होतं, नमुना इतका थोडा असतो की त्यात निवड करायला वावच नसतो. बेडकाच्या एका बोटाचं टोक.

लहान कॉलेजांतल्या लोकांसाठी एक माहिती. अशी उपकरणं कुठे आहेत आणि बाहेरच्यांना वापरता येतात का, हे बघायला आय-स्टेम नावाचं सरकारी पोर्टल आहे, जानेवारी २०२० मध्ये सुरू झालेलं. जैवतंत्रज्ञान विभागाची 'सहज' ही योजनाही याच धर्तीवरची. तशी सामाईक उपकरणांची कल्पना आपल्याकडे जुनी आहे, विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची 'सैफ' केंद्रं १९७० च्या दशकापासून चालू आहेत.

छोट्या कामासाठी मिनआयन हे चिमुकलं सिक्वेन्सिंग यंत्र बघा. तळहातावर मावतं, वजन शंभर ग्रॅमच्या आसपास, लॅपटॉपला जोडायचं. आम्ही जंगलातल्या विश्रामगृहावर चालवलंय, वीज गेल्यावर लॅपटॉपच्या बॅटरीवर. मग सामाईक सुविधा कशाला, असं कोणी म्हणेल. तर चालवायचं कसं ते शिकलो अशाच एका सुविधेच्या कार्यशाळेत, आणि कुठे अडलं की आजही त्यांनाच फोन लावतो.

चौथंवर्ष

सगळे कौतुक करताहेत, मी जरा वेगळं बोलतो. मी पीएचडीच्या चौथ्या वर्षाला आहे. माझे नमुने आमच्या जवळच्या एका सुविधेत तीन महिने पडून होते. विचारलं की "गाडी भरली नाही." नंतर कळलं मधल्या काळात दोन खेपा झाल्या, त्यात संस्थेतल्याच एका बड्या गटाचे नमुने होते, माझे मागे राहिले. बाहेरच्या विद्यार्थ्याला विचारतो कोण? मेलला उत्तर नाही, फोन उचलत नाहीत. आणि बाहेरच्यांना दर जास्त, वर जीएसटी. वडाप म्हणता ना, मग सीट आधी आलेल्याला द्या की.

पिपेटराव

चौथंवर्ष, राग रास्त आहे. सगळीकडे असं चालत नाही, पण चालतं हे मी नाकारणार नाही. रांग उघड असावी. कुणाचा नमुना कितवा आणि अडलाय का, हे वापरणाऱ्याला घरबसल्या दिसलं तर निम्मी भांडणं मिटतील. काही ठिकाणी तशी सॉफ्टवेअर लावलीत, काही ठिकाणी अजून वहीच आहे.

उशिराची दुसरीही कारणं आहेत, सबब म्हणून नाही, माहिती म्हणून सांगतो. एक, सगळ्या खेपा एकसारख्या नसतात. कुणाला ५० अक्षरांचे तुकडे हवेत, कुणाला १५० चे. ते एका पट्टीवर बसत नाहीत. दोन, रसायनं परदेशातून येतात, थंड साखळीत, आणि त्यांना मुदत असते. कस्टममध्ये डबा अडकला की आमचा जीव वर-खाली. तीन, मार्चअखेर! जानेवारीपर्यंत सामसूम आणि फेब्रुवारीत सगळ्यांना आठवतं की अनुदान संपवून युसी (पैसे वापरल्याचा दाखला) द्यायचंय. मग एकाच महिन्यात वर्षाचे नमुने. चार, आणि हे सगळ्यात वाईट: यंत्र घ्यायला पैसे मिळतात, ते चालतं ठेवायला मिळत नाहीत. उद्घाटनाला फीत कापायला मंडळी येतात, चौथ्या वर्षी देखभाल कराराचं बिल घेऊन गेलं की फाइल टेबलावरून टेबलावर. देशात किती यंत्रं प्लॅस्टिकचं आवरण घालून उभी असतील याचा हिशेब कुणी मांडला तर बरं होईल. आणि चालवणारी माणसं बहुतेक ठिकाणी कंत्राटावर. दोन वर्षांत तयार झालेला मुलगा खाजगी कंपनीत जातो, आम्ही पुन्हा पिपेट कशी धरायची इथून सुरू करतो.

अंकगणिती

मी बायोइन्फर्मॅटिक्सवाला, म्हणजे असा डेटा संगणकावर तपासणारा. उत्तम धागा. पिपेटरावांनी फास्टक्यूच्या पहिल्या ओळीचा उल्लेख केला, त्यावरून एक जगजाहीर प्रकरण आठवलं.

२०१४ साली माउस एन्कोड या मोठ्या प्रकल्पातल्या मंडळींचा एक लेख आला. माणूस आणि उंदीर यांच्या वेगवेगळ्या अवयवांत कुठली जनुकं किती चालू आहेत याची तुलना. निष्कर्ष भुवया उंचावणारा होता: माणसाचं यकृत उंदराच्या यकृताशी जुळण्याऐवजी माणसाच्याच इतर अवयवांशी जास्त जुळतं. म्हणजे अवयवापेक्षा प्रजातीचा ठसा मोठा. तोवरच्या बऱ्याच अभ्यासांच्या उलट.

शिकागो विद्यापीठाचे योआव गिलाड आणि त्यांच्या सहकारी ऑर्ना मिझराही-मान यांना हे पटेना. त्यांनी डेटा घेतला आणि त्या पहिल्या ओळींतून कुठला नमुना कुठल्या यंत्रावर, कुठल्या खेपेत, कुठल्या लेनवर होता हे मांडलं. तर माणसाचे बहुतेक नमुने वेगळ्या खेपांत आणि उंदरांचे वेगळ्या. जो फरक प्रजातींचा म्हणून दिसत होता, त्यात खेपा-खेपांमधला फरकही मिसळलेला होता, आणि दोन्ही एकमेकांपासून सोडवणं कठीण. खेपांचा परिणाम हिशेबातून वजा केला तेव्हा नमुने अवयवांनुसार जुळले, यकृताशी यकृत. हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. मूळ लेखकांना ते मान्य नव्हतं, बरीच खडाजंगी झाली.

मला यातून काय दिसतं? गणिती सुधारणा वगैरे नंतरची मलमपट्टी. नमुने पट्टीवर लावायच्या दिवशी कुणीतरी म्हणायला हवं होतं, अहो, सगळे मिसळून सगळ्या लेनवर पसरवू या. खर्च शून्य रुपये. आमच्याकडे डेटा येतो तेव्हा ती वेळ टळून गेलेली असते. सोमवारी सगळे कंट्रोल (तुलनेसाठीचे, औषध न दिलेले), मंगळवारी सगळे औषधवाले, असा डेटा मी इतक्यांदा पाहिलाय की आता पहिली मीटिंग सुविधेतच घेतो, नमुने गोळा व्हायच्या आधी. पिपेटरावांच्या जमातीतला एक जण समोर असेल तर माझं सहा महिन्यांचं डोकं दुखणं वाचतं.

टवाळ

अंकगणिती, म्हणजे लग्नात वरपक्षाची जेवणं एका दिवशी आणि वधूपक्षाची दुसऱ्या दिवशी, आणि मग म्हणायचं वधूपक्षाला मीठ जास्त लागतं. बरोबर ना?

अंकगणिती

टवाळ, दुर्दैवाने अगदी बरोबर.

डॉ. काचपट्टी

मी पॅथॉलॉजिस्ट, कर्करोगाचे नमुने बघते. आमच्याकडे खजिना आहे, गाठींचे तुकडे मेणात बसवलेले वर्षानुवर्षांचे ठोकळे, प्रत्येकामागे रुग्णाचा पूर्ण इतिहास. संशोधकांना ते हवेच असतात. पण गाठ टिकवायला ती आधी फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, त्याने डीएनएचे तुकडे होतात, आणि सी ची जागा टी सारखी वाचली जाते. गाठीत खरंच झालेला बदल कुठला आणि फॉर्मॅलिनने केलेला कुठला, हे कळत नाही. सुविधेतल्या लोकांनी आम्हाला एक विकर वापरायला सांगितलं, ते असे बिघडलेले सी आधीच काढून टाकतं. शिवाय प्रत्येक ठोकळ्याची आधी छोटी चाचणी करून चालतील ते वेगळे केले.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांनी आमच्या शस्त्रक्रिया विभागापर्यंत निरोप पोचवला. शुक्रवारी संध्याकाळी काढलेली गाठ फॉर्मॅलिनमध्ये टाकून सोमवारी उघडायची, हे बंद झालं. आम्ही किती वर्षं कंठशोष करत होतो, पण बाहेरच्याने आलेख दाखवला की सर्जन ऐकतात.

माई, तुमच्या प्रश्नाला जोडून सांगते. संशोधनासाठीच्या अशा सुविधेतून आलेल्या निकालावर कुणी रुग्णाचे उपचार ठरवत नाही. त्यासाठीच्या प्रयोगशाळांना वेगळी मान्यता लागते, नियम वेगळे. लोक माझ्याकडे येतात, "आमच्या नातेवाइकाचा जीनोम तिथे काढून देता येईल का ओळखीने?" नाही. आणि नीतिसमितीच्या मंजुरीचा कागद मागितला म्हणून सुविधेवर रागावू नका. ती अडवणूक नाही.

सदाशिवपेठी

कोविडचं कुणी काढलंच नाही अजून? डिसेंबर २०२० मध्ये कोरोना विषाणूचे जीनोम वाचायला इन्साकॉग नावाने दहा प्रयोगशाळांची साखळी उभी राहिली, त्यातल्या दोन पुण्यातल्या, एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था) आणि एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र). २४ मार्च २०२१ ला केंद्राने सांगितलं की महाराष्ट्रातल्या १५ ते २० टक्के नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर हे दोन बदल सापडलेत. पेपरवाल्यांनी त्याला "डबल म्युटंट" करून टाकलं. पुढे त्याच घराण्यातला डेल्टा जगभर गेला. ते नमुने वाचले गेले ते अशाच सामाईक यंत्रणांवर, ज्या आदल्या वर्षापर्यंत तांदूळ, उंदीर आणि मातीतले जिवाणू वाचत होत्या.

पिपेटराव

सदाशिवपेठी, बरोबर. विषाणूचा जीनोम जेमतेम ३० हजार अक्षरांचा, त्यामुळे एका खेपेत शेकड्यांनी नमुने बसत. अडचण वाचनाची नव्हतीच. नळीवर लिहिलेला क्रमांक आणि तक्त्यातला क्रमांक जुळत नसे, जिल्हा लिहिलेला नसे, तारीख नमुना घेतल्याची की पाठवल्याची ते कळत नसे. आणि एक्सेल! "मार्च१" असं लिहिलं की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. हसू नका, माणसाच्या जनुकांतच मार्च आणि सेप्ट नावाची जनुकं होती. एक्सेलने त्यांच्या इतक्या तारखा केल्या, की २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. एक्सेल तेव्हा काही बदललं नाही, ही सवय बंद करायची सोय त्यात आली ती २०२३ मध्ये.

सातासमुद्रापार

अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या कोअरमध्ये (सामाईक सुविधेला इथे कोअर म्हणतात) मी बरीच वर्षं आहे. चौथंवर्ष, इथेही रांगेवरून भांडणं होतातच. फरक एवढाच की दर कसे लावायचे याचे केंद्रीय नियम आहेत: नफा करायचा नाही, खर्चाचा हिशेब दाखवायचा आणि विद्यापीठातल्या सगळ्या गटांना एकच दर, कुणी कितीही बडा असो. यंत्रासाठी एनआयएच या इथल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचा एस-१० नावाचा अनुदान कार्यक्रम आहे, १९८२ पासूनचा. त्यात अर्ज करतानाच निदान तीन मुख्य वापरकर्ते दाखवावे लागतात. एकाने आपल्या खोलीत कुलूप लावून ठेवायची सोयच नाही.

पण एक दुखणं दोन्हीकडे तेच. कोकमसरबत, तुमचा लेख छापून येईल तेव्हा त्या बाईंचं नाव कुठे असेल? आभारात, की लेखकांत? की "सुविधेचे आभार" एवढंच? पैसे घेतले म्हणून लेखकपद नाही, असं बऱ्याच जणांना वाटतं. पैसे घेणं आणि बौद्धिक वाटा या वेगळ्या गोष्टी. ठरलेलं काम करून दिलं तर आभार पुरेत. प्रयोगाची आखणीच बदलली असेल, तर लेखकांत नाव यायला हवं. आणि आभारही मोलाचे, कारण वर्षअखेरीला कोअरला वरच्यांना दाखवायला तेवढीच कागदोपत्री पुंजी असते.

कोकमसरबत

सातासमुद्रापार, प्रामाणिकपणे सांगतो, हा विचार केला नव्हता. सरांशी बोलतो. ते काय म्हणतील ते इथे लिहायची हमी देत नाही. :)

पिपेटराव

लेखकपदाचा विषय निघालाच आहे तर माझी बाजू. मला प्रत्येक लेखात नाव नको. पण "सिक्वेन्सिंग बाहेरून करून घेतलं" या चार शब्दांत जेव्हा आमची लायब्ररी (वाचनासाठी तयार केलेले डीएनएचे तुकडे) बनवण्याची पद्धत, रसायनांची आवृत्ती, फायएक्स किती मिसळला, हे सगळं गडप होतं, तेव्हा खटकतं. दुसऱ्या कुणाला तो प्रयोग पुन्हा करायचा झाला तर करणार कसा? आम्हाला विचारा, पद्धतीचा परिच्छेद आम्ही लिहून देतो. तयारच असतो.

(फायएक्स म्हणजे काय असं माई विचारतील म्हणून: ५,३८६ अक्षरांचा एक विषाणू, फायएक्स १७४. फ्रेडरिक सँगर यांच्या गटाने १९७७ मध्ये त्याचा पूर्ण जीनोम वाचला, डीएनए जीनोममधला पहिलाच. आजही यंत्र नीट वाचतंय ना हे तपासायला आम्ही थोडा फायएक्स मिसळतो. उत्तर पाठ असलेला प्रश्न पेपरात घालायचा, म्हणजे तपासनीस शुद्धीवर आहे का ते कळतं.)

माई सोलापूर

विचारणारच होते. धन्यवाद.

चौथंवर्ष

पिपेटराव, सरळ उत्तर दिल्याबद्दल आभार. माझा डेटा अखेर गेल्या आठवड्यात आला. एक व्यावहारिक प्रश्न: डेटा तुम्ही लोक किती दिवस ठेवता? आणि मी तो सांभाळायचा कसा? आमच्या लॅबमध्ये एकच हार्ड डिस्क आहे आणि ती सगळ्यांची आहे.

पिपेटराव

ठेवण्याची मुदत प्रत्येक ठिकाणची वेगळी, बहुतेक ठिकाणी काही महिनेच. फॉर्मवर लिहिलेली असते, कुणी वाचत नाही. मुदत संपली की खोडतात, कारण पुढच्या खेपेला जागा हवी.

आजच्या आज दोन प्रती कर, वेगवेगळ्या ठिकाणी. एकाच टेबलावरच्या दोन डिस्क म्हणजे दोन प्रती नाहीत. मूळ फास्टक्यू कधी उघडून सेव्ह करायची नाही. लेख पाठवशील तेव्हा डेटा सार्वजनिक ठिकाणी ठेवावाच लागेल. आपल्याकडे फरिदाबादला भारतीय जैविक डेटा केंद्र आहे, तिथेही ठेवता येतो. ते काम शेवटच्या रात्रीवर टाकू नकोस, माहितीचे रकाने भरताना जीव मेटाकुटीला येतो.

आणि सगळ्यात आधी हे कर: डेटासोबत एमडी५ नावाची एक छोटी फाइल आली असेल. प्रत्येक फाइलपुढे ३२ अक्षरांचा आकडा असतो. तुझ्याकडे उतरलेल्या फाइलचा तोच आकडा काढून ताडून बघ. एक अक्षर जरी वेगळं आलं तरी फाइल वाटेत खराब झाली असं समज, आणि मुदत आहे तोवर पुन्हा मागून घे.

चौथंवर्ष

आत्ताच ताडून पाहिलं. बाकी सगळ्या जुळल्या, एका कंट्रोलची फाइल जुळत नाहीये. सकाळी दहाला त्यांचं ऑफिस उघडतं, दारातच जाऊन बसतो.